‘क्ष’ मानण्याआधी

पुढचे उदाहरण वाचकांनी आधी कागद-पेन्सिल न घेता सोडवून पाहावे. एक मुलगी रोज सायकलने शाळेत जाते. ती ताशी १० कि.मी. वेगाने गेली, तर तिला ६ मिनिटे उशीर होतो. ताशी १२ कि.मी. वेगाने गेली, तर ती ६ मिनिटे आधी पोहोचते. तर तिचे घर शाळेपासून किती दूर आहे?

काही वर्षांपूर्वी विज्ञान दिनाच्या निमित्ताने गोंदिया जिल्ह्यातील एका शाळेत जाण्याचा योग आला, तेव्हा नववीच्या वर्गात आम्ही हे उदाहरण फळ्यावर लिहिले. जवळजवळ सगळ्या वह्यांत पहिली ओळ एकच होती : ‘समजा, अंतर = क्ष कि.मी.’ दुसऱ्या ओळीवर मात्र बहुतेकांची गाडी अडली. कोणी १२ मधून १० वजा केले, कोणी ६ मधून ६ वजा करून शून्य आणले, कोणी नुसतेच ‘क्ष’कडे पाहत बसले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने वही उघडलीच नव्हती. ती म्हणाली, “सर, एका किलोमीटरले एक मिनिट वाचते. बारा मिनिटं वाचले, त बारा किलोमीटर झाले ना.”

उत्तर अचूक होते. वर्गाचे गणित-शिक्षक शेजारीच उभे होते. तळमळीने शिकवणारे गृहस्थ. ते म्हणाले, “बरोबर आहे बेटा, पण परीक्षेत असं चालणार नाही. ‘क्ष’ मानून लिही.” मुलगी खाली बसली आणि तिने निमूटपणे वही उघडली.

शिक्षकांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. उत्तरपत्रिकेत पायऱ्यांना गुण असतात आणि पायऱ्या ‘समजा’पासून सुरू होतात. आमच्या चिंतेचे कारण नेमके तेच आहे. हा लेख त्या शिक्षकांविरुद्ध नाही. वेग, अंतर आणि वेळ यांची शाब्दिक उदाहरणे ज्या रीतीने रचली, शिकवली आणि तपासली जातात, त्या रीतीची ही तपासणी आहे. ही उदाहरणे दहावीबरोबर संपतही नाहीत. पोलीस भरती, रेल्वे भरती यांसारख्या परीक्षांत तीच पुन्हा भेटतात, आणि खेड्यातल्या अनेक मुलामुलींची नोकरीची आशा त्यांच्यापाशी येऊन अडते. तेव्हा हा केवळ गणिताच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

मुलीने काय केले?

ताशी १० कि.मी. म्हणजे एका किलोमीटरला ६ मिनिटे. ताशी १२ कि.मी. म्हणजे एका किलोमीटरला ५ मिनिटे. वेग वाढवला की प्रत्येक किलोमीटरमागे १ मिनिट वाचते. उशीर ६ मिनिटांचा होता आणि आता ती ६ मिनिटे आधी पोहोचते, म्हणजे एकूण १२ मिनिटे वाचली. म्हणून अंतर १२ कि.मी. इतकाच तिचा विचार.

आता पुस्तकी पद्धत पाहू. अंतर ‘क्ष’ मानले, तर पहिल्या वेळी लागणारा वेळ क्ष/१० तास आणि दुसऱ्या वेळी क्ष/१२ तास. दोहोंतील फरक १२ मिनिटे, म्हणजे १/५ तास. म्हणून

क्ष/१० − क्ष/१२ = १/५

सर्व पदांना ६० ने गुणले, म्हणजे तासांची मिनिटे केली, तर ६क्ष − ५क्ष = १२. ही ओळ मराठीत वाचा : ‘प्रत्येक किलोमीटरला सहा मिनिटे, वजा प्रत्येक किलोमीटरला पाच मिनिटे, बरोबर बारा मिनिटे.’ मुलीचे वाक्य ते हेच. तिने जे तोंडाने सांगितले, त्याचेच लघुलेखन समीकरणात आहे. ती बीजगणितापासून दूर नव्हती. ती त्याच्या उंबरठ्यावर उभी होती. तिला एवढेच सांगायला हवे होते : ‘तू आत्ता जे बोललीस, ते थोडक्यात कसे लिहायचे ते पाहू.’ त्याऐवजी तिला कळले ते असे की आपण केलेला विचार एक आणि गणित दुसरेच काहीतरी.

आमच्या मते या उदाहरणांच्या अध्यापनातील मूळ दोष हाच आहे. बीजगणित हे विचाराच्या शेवटी येणारे लेखन आहे. आपण ते विचाराच्या जागी आणून बसवले आहे.

सरासरीचा सापळा

त्या दिवशी आम्ही वर्गाला आणखी एक प्रश्न विचारला. त्याच मुलीला अगदी वेळेवर पोहोचायचे असेल, तर तिने किती वेगाने जावे? या वेळी वर्गातून एका सुरात उत्तर आले : ‘ताशी ११ कि.मी.’ आमची मागच्या बाकावरची विद्यार्थिनीही त्यात होती.

पडताळा घेऊ. १२ कि.मी. अंतराला पहिल्या वेगाने ७२ मिनिटे लागतात, दुसऱ्या वेगाने ६० मिनिटे. वेळेवर पोहोचायचे तर ६६ मिनिटांत पोहोचले पाहिजे. १२ कि.मी. ६६ मिनिटांत, म्हणजे ताशी सुमारे १०.९ कि.मी. ताशी ११ कि.मी. वेगाने गेल्यास ती जवळजवळ अर्धा मिनिट लवकर पोहोचेल.

अर्ध्या मिनिटाने शाळेत काही बिघडणार नाही. समजुतीत मात्र पुष्कळ बिघडते. आकडे जरा दूरचे घ्या. एक मुलगा पायी ताशी ५ कि.मी. वेगाने गेला तर जितका उशिरा पोहोचतो, तितकाच सायकलने ताशी १५ कि.मी. वेगाने गेला तर आधी पोहोचतो. वेळेवर पोहोचण्याचा वेग ताशी १० नव्हे, ताशी साडेसात कि.मी. आहे. मध्य काढायचा तो वेळांचा, वेगांचा नव्हे. आणि वेळ वेगाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्यामुळे दोन्ही मध्य एका जागी येत नाहीत. अशा सरासरीला गणितात हरात्मक मध्य म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे : हळू चालण्यात माणसाचा अधिक वेळ जातो, म्हणून सरासरीत हळू वेगाचे वजन अधिक पडते.

प्रकार तीन, गोष्ट एक

बाजारात मिळणारी मार्गदर्शके या उदाहरणांचे ‘प्रकार’ पाडतात. जाण्या-येण्याचा प्रकार, उशिरा-लवकरचा प्रकार, नाव आणि प्रवाहाचा प्रकार, खांब ओलांडणाऱ्या गाडीचा प्रकार. प्रत्येकाला चौकटीत एक सूत्र. विद्यार्थी प्रश्नातले शब्द पाहून प्रकार ओळखतो आणि चौकट आठवतो. शब्द ओळखीचे असतील तोवर हे चालते.

यांतील तीन प्रकार शेजारी ठेवून पाहू. पहिला : मुलगा ताशी १२ कि.मी. वेगाने गावाला गेला आणि ताशी ८ कि.मी. वेगाने परत आला; संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती? गाव २४ कि.मी. दूर आहे असे धरले, तर जाताना २ तास, येताना ३ तास; ४८ कि.मी. ५ तासांत, म्हणजे ताशी ९.६ कि.मी. अंतर कोणतेही धरले तरी उत्तर तेच येते. दुसरा : संथ पाण्यात ताशी १० कि.मी. जाणारी नाव ताशी २ कि.मी. वेगाच्या प्रवाहाबरोबर गेली आणि प्रवाहाविरुद्ध परत आली. सरासरी वेग किती? प्रवाहाबरोबर १२, विरुद्ध ८, म्हणजे पुन्हा ताशी ९.६ कि.मी. सायकलची नाव झाली, इतकाच काय तो फरक. तिसरा प्रकार आपल्या शाळकरी मुलीचा. तिथेही अंतर एकच, वेग दोन, आणि हिशेब वेळांचा.

नावेच्या उदाहरणातून एक मौजेची गोष्टही निघते. प्रवाह जाताना मदत करतो आणि येताना अडवतो, तेव्हा शेवटी फिटंफाट होईल असे वाटते. तसे होत नाही. जाऊन-येऊन सरासरी १० न राहता ९.६ होते. प्रवाह दिलेली मदत व्याजासह वसूल करतो, कारण अडवणुकीचा काळ मदतीच्या काळापेक्षा मोठा असतो. वाऱ्याच्या दिवशी सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाने हे अनुभवले आहे. फक्त ते गणित आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आता शब्द जवळजवळ तेच ठेवून प्रश्न जरासा बदला. ‘मुलगा निम्मा वेळ ताशी १२ आणि निम्मा वेळ ताशी ८ कि.मी. वेगाने गेला.’ इथे सरासरी सरळ १० येते. पहिल्या प्रश्नात दोन्ही वेळा अंतर सारखे होते. या प्रश्नात वेळ सारखा आहे. शब्दांवरून प्रकार ओळखणारा विद्यार्थी इथे फसतो, आणि आपण का फसलो हे त्याला कळतही नाही.

म्हणून ‘समजा क्ष’ या ओळीच्या आधी वहीत आणखी एक ओळ असावी असे आम्हांस वाटते. ती ओळ एका प्रश्नाचे उत्तर असेल : या गोष्टीत बदलले नाही ते काय? अंतर, वेळ, वेग, की दोघांमधले अंतर? या विषयावरील शालेय उदाहरणांत असे काहीतरी स्थिर सापडते किंवा दोन गोष्टी बरोबर असलेल्या सापडतात, आणि समीकरणातील ‘बरोबर’चे चिन्ह तिथूनच येते. ते सापडले की ‘क्ष’ कशाला मानायचे हा प्रश्न दुय्यम होतो.

पुस्तकातली गाडी आणि रुळांवरची गाडी

आमचा दुसरा आक्षेप उदाहरणांतील जगाविषयी आहे. गोंदिया १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा होऊन जिल्हा झाला. पण रेल्वेच्या नकाशावर त्याचे नाव त्याच्या कितीतरी आधीपासून ठळक आहे. मुंबई-हावडा मार्गावरचे हे जंक्शन. इथून एक फाटा बालाघाटमार्गे जबलपूरकडे आणि एक नागभीडमार्गे चंद्रपूर-बल्लारशाकडे जातो. इथल्या मुलांना रेल्वेगाडी काय असते हे सांगावे लागत नाही. अशा मुलांपुढे आपण ‘१५० मीटर लांबीची गाडी’ आणून उभी करतो.

नव्या पद्धतीच्या प्रवासी डब्याची लांबी सुमारे २४ मीटर असते. १५० मीटरची गाडी म्हणजे सहा डबे. २२ डब्यांची लांब पल्ल्याची गाडी इंजिन सोडूनच सुमारे ५२८ मीटर भरते. कोळसा वाहणाऱ्या उघड्या वाघिणीची लांबी सुमारे १०.७ मीटर; ५८ वाघिणींची मालगाडी सुमारे ६२० मीटर. रेल्वे फाटकाबाहेर सुरक्षित अंतरावर उभे राहून मुलांनी वाघिणी मोजाव्यात, पहिल्या वाघिणीपासून शेवटच्या वाघिणीपर्यंत एक खांब ओलांडायला किती सेकंद लागले ते घड्याळावर पाहावे. ४० सेकंद लागले असतील तर वेग सेकंदाला साडेपंधरा मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५६ कि.मी. ‘खांब ओलांडणारी गाडी’ हा प्रकार यानंतर पाठ करावा लागत नाही. गाडीची लांबी हेच इथे अंतर आहे, हे डोळ्यांनी पाहिलेले असते.

कोणी म्हणेल, लांबी १५० काय आणि ६२० काय, गणित तेच. खरे आहे. पण अशा लहानसहान गोष्टींतून मुलगा एक मोठा धडा शिकतो : गणितातल्या उत्तराचा खऱ्या जगाशी पडताळा घ्यायचा नसतो. मग सायकलचा वेग ताशी १२० कि.मी. आला तरी तो उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळा होतो. त्याला हसण्याआधी ही सवय त्याला कोणी लावली याचा विचार करावा.

वेगाची कल्पनाही अशीच वाकडी होते. पुस्तकात वेग हा गाडीच्या रंगासारखा तिला चिकटलेला असतो : ‘ताशी ६० कि.मी. वेगाची गाडी.’ प्रत्यक्षात गाडी थांबते, वेग घेते, सिग्नलपाशी रेंगाळते. ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेली नागपूर-बिलासपूर वंदे भारत गाडी गोंदियाला थांबते. ही गाडी ताशी १६० कि.मी. वेगाने धावू शकते. सुरू झाली तेव्हा तिला ४१२ कि.मी. अंतरासाठी सुमारे साडेपाच तास दिलेले होते, म्हणजे सरासरी ताशी ७५ कि.मी. धावू शकते १६०, पडते ७५. मधला फरक कुठे गेला, हा प्रश्न दहा शाब्दिक उदाहरणांइतका बोलका आहे. त्याचे उत्तर देताना ‘सरासरी’ या शब्दाचा अर्थ मुलांना स्वतःच शोधावा लागतो.

वैनगंगेच्या काठच्या शाळेत नावेचे उदाहरण घेतानाही हेच पथ्य पाळावे. ‘प्रवाहाचा वेग ताशी २ कि.मी.’ असे आपण म्हणतो तेव्हा नदीचा वेग सगळीकडे सारखा मानतो. तो तसा नसतो : मधल्या धारेत अधिक, काठाशी कमी, श्रावणात एक, चैत्रात दुसराच. प्रवाहाविरुद्ध डोंगा नेणारा माणूस काठाकाठाने जातो तो म्हणूनच. असे गृहीत धरण्यात चूक काही नाही; विज्ञान गृहीतकांवाचून एक पाऊल पुढे जात नाही. पण गृहीतक आहे हे सांगावे. ‘वेग कायम आहे असे मानू’ हेही ‘क्ष मानू’ इतकेच महत्त्वाचे मानणे आहे, आणि ते मात्र आपण कधी लिहायला लावत नाही.

आर्यभट, न्यूटन आणि समोरासमोर येणाऱ्या गाड्या

नागपूर ते गोंदिया रेल्वेचे अंतर सुमारे १३० कि.मी. आहे. नागपूरहून एक गाडी ताशी ६० कि.मी. आणि त्याच वेळी गोंदियाहून दुसरी ताशी ७० कि.मी. वेगाने निघाली, तर त्या केव्हा भेटतील? दोघींमधले अंतर दर तासाला १३० कि.मी. घटते, म्हणून एका तासाने, नागपूरपासून ६० कि.मी. वर, भंडारा रोडच्या जवळपास.

हे उदाहरण रेल्वेपेक्षा फार जुने आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’तील गणितपादात याचा नियम एका श्लोकात दिला आहे : दोघे विरुद्ध दिशांनी येत असतील तर अंतराला वेगांच्या बेरजेने भागावे, एकाच दिशेने जात असतील तर वजाबाकीने. आर्यभटापुढे आगगाड्या नव्हत्या. आकाशातले ग्रह होते. चंद्र ताऱ्यांमधून रोज सुमारे १३.२ अंश पुढे सरकतो, सूर्य सुमारे १ अंश. दोघे एकाच दिशेने जातात, म्हणून चंद्र सूर्याला रोज सुमारे १२.२ अंशांनी मागे टाकतो. ३६० ला १२.२ ने भागले की साडेएकोणतीस दिवस येतात. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंतचा काळ तो हाच. सूर्य-चंद्रातील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. घरातल्या पंचांगाचे पान म्हणजे वेग-अंतर-वेळेचे सोडवून ठेवलेले उदाहरण आहे, हे किती वर्गांत सांगितले जाते?

न्यूटनची केंब्रिजमधील बीजगणिताची व्याख्याने १७०७ मध्ये ‘अरिथमेटिका युनिव्हर्सालिस’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत दोन निरोप्यांचे उदाहरण आहे. दोघांमध्ये ५९ मैल अंतर. एक २ तासांत ७ मैल जातो, दुसरा ३ तासांत ८ मैल. दुसरा एक तास उशिरा निघतो. भेटेपर्यंत पहिला किती चालतो? वाचकांनी सोडवून पाहावे. उत्तर ३५ मैल येते. यात ‘ताशी साडेतीन मैल’ असे न म्हणता ‘दोन तासांत सात मैल’ असे म्हटले आहे, याकडे लक्ष द्यावे. वेगाला एका आकड्यात कोंडण्याआधी त्यातले अंतर आणि वेळ अशी दोन अंगे डोळ्यांपुढे राहतात. आमच्या विद्यार्थिनीचे ‘किलोमीटरला मिनिट’ याच जातीचे.

शाब्दिक उदाहरण सोडवणे म्हणजे व्यवहाराच्या भाषेतून बीजगणिताच्या भाषेत भाषांतर करणे, असे न्यूटनने याच पुस्तकात म्हटले आहे. ही उपमा आजही शिक्षक वापरतात. पण भाषांतर करणाऱ्याला मूळ मजकूर समजलेला असावा लागतो, एवढे विसरतात. ‘उशिरा’ दिसले की अधिक, ‘लवकर’ दिसले की वजा, हे भाषांतर नव्हे. शब्दाला शब्द लावणे आहे.

मूळ मजकूर समजण्याचे एक चांगले साधन रेल्वेपाशीच आहे. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात एका अक्षावर वेळ आणि दुसऱ्यावर स्थानके मांडून प्रत्येक गाडीची रेघ काढतात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकातच फ्रान्समध्ये वापरात आली होती. पूर्वी अशा रेघा हाताने काढीत, आता संगणकावर उमटतात. तिरपी रेघ म्हणजे धावणारी गाडी, आडवी रेघ म्हणजे थांबलेली, आणि दोन रेघा छेदतात तिथे भेट. वरच्या उदाहरणात नागपूरची गाडी कामठीला १० मिनिटे थांबली असे धरा. पाठ केलेले सूत्र इथे निरुपयोगी होते. आलेखावर मात्र एक लहान आडवी रेघ वाढते आणि भेट नागपूरकडे सरकते : एक तास आणि सुमारे साडेचार मिनिटांनी, नागपूरपासून सुमारे ५५ कि.मी. वर. आलेख काढलेल्या मुलाला समीकरण लिहिता येते, कारण काय लिहायचे ते त्याला दिसत असते.

जिथे ‘क्ष’ वाचून भागत नाही

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग बीजगणित हवेच कशाला? तोंडी विचार पुरे. तसे नाही. पुढचे उदाहरण घ्या. १३० कि.मी. अंतर जाणाऱ्या गाडीचा वेग ताशी १३ कि.मी. अधिक असता, तर तिला अर्धा तास कमी लागला असता. तिचा वेग किती?

इथे ‘किलोमीटरला अमुक मिनिटे वाचतात’ असे म्हणता येत नाही, कारण वेगच ठाऊक नाही. अंदाजाने चाचपडता येईल. पण खात्रीचा मार्ग बीजगणिताचा. वेग ‘व’ मानला, तर १३०/व − १३०/(व + १३) = १/२. यातून व × (व + १३) = ३३८० हे वर्गसमीकरण येते आणि त्याची दोन मुळे ५२ व −६५. गाडीचा वेग ताशी ५२ कि.मी.; अडीच तासांऐवजी दोन तास. बीजगणिताची ताकद अशा ठिकाणी मुलांना दाखवावी. सायकलच्या उदाहरणासाठी ते सक्तीचे केले, तर मुंगीवर तोफ डागल्यासारखे होते आणि तोफेविषयीच अनादर निर्माण होतो.

आणि ते −६५? ‘वेग ऋण नसतो, म्हणून हे मूळ त्याज्य’ असे लिहून आपण पुढे जातो. उत्तर म्हणून ते त्याज्यच आहे; पण ते आले कुठून, हे विचारण्यासारखे आहे. वेग −६५ घेतला, तर १३ ने वाढवलेला वेग −५२ होतो. म्हणजे तीच ५२ आणि ६५ ची जोडी, उलट दिशेने. प्रवासाचे चित्रीकरण उलटे फिरवले, तर गाड्या मागे जाताना आणि घड्याळाचे काटे उलटे फिरताना दिसतील, तेच हे मूळ सांगते. आपण समीकरणाला गाडी कोणत्या दिशेने जाते ते सांगितलेच नव्हते. त्याने दोन्ही शक्यता प्रामाणिकपणे पुढे ठेवल्या. भौतिकीत अशा टाकाऊ वाटणाऱ्या मुळांकडे दुसऱ्यांदा पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. ती सवय नववी-दहावीत लागली तर काय हरकत आहे?

करता येईल असे थोडे

साठ मुलांचा वर्ग, पुरा करायचा अभ्यासक्रम आणि डोक्यावर परीक्षा, यांची आम्हांस कल्पना आहे. म्हणून फार मोठे काही सुचवीत नाही. आठवड्यातून एक उदाहरण असे घ्यावे, की ते सोडवताना पहिली पाच मिनिटे कोणी पेन उचलायचे नाही. उत्तर साधारण केवढे असेल, हे आधी बोलून घ्यावे. बदलत नाही ते काय, हे एका वाक्यात मराठीत लिहून घ्यावे, समीकरण त्याखाली. महिन्यातून एकदा रेल्वेचे किंवा एस. टी.चे वेळापत्रक वर्गात आणावे आणि उदाहरणे मुलांनीच तयार करावीत. दुसऱ्याला सोडवता येईल असे उदाहरण रचायचे, तर कोणती माहिती पुरेशी आहे याचा विचार करावाच लागतो.

तपासणाऱ्यांना एक विनंती. ज्या उत्तरपत्रिकेत ‘क्ष’ नाही पण तर्क शब्दांत स्पष्ट लिहिला आहे, तिथे गुण कापण्यापूर्वी तो तर्क समीकरणात उतरवून पाहावा. तो नीट उतरला, तर विद्यार्थ्याने बीजगणित केलेले आहे. लिपी तेवढी वेगळी आहे.

शेवटी एक प्रश्न, वर्गात विचारून पाहण्यासाठी. ६० कि.मी. चा प्रवास आहे. पहिले ३० कि.मी. आपण ताशी ३० कि.मी. वेगाने गेलो. संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग ताशी ६० कि.मी. व्हावा, असे वाटत असेल, तर उरलेले ३० कि.मी. किती वेगाने जावे? बहुतेक वर्ग ‘ताशी ९०’ म्हणेल. मग ‘क्ष’ मानून समीकरण मांडू द्यावे आणि ते काय म्हणते ते पाहावे. त्यानंतर घड्याळाकडे बोट दाखवून विचारावे : सगळ्या प्रवासाला मिळून किती वेळ होता, आणि त्यातला किती उरला आहे?